बारा ते चारचा पहारा

अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण माझ्या घरी चोरी एकदाच झाली, आणि ती माझ्या घरमालकाने केली. चोरी करून वर त्यानेच पंचायत बोलावली, मलाच गुन्हेगार ठरवलं, आणि शेवटी चारचौघांत त्याचे आभार मानायची वेळ माझ्यावर आणली. लोक म्हणतात, आता जाऊ द्या. मी जाऊ देणाऱ्यांतला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्ही सांता क्लाराला घर शोधत होतो. कोणीतरी या आवाराचा पत्ता दिला. सहा बुटकी लाकडी घरं, पूर्वी जर्दाळूच्या बागेत राबणाऱ्या मजुरांसाठी बांधलेली. बाग जाऊन तिथे चिप कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या होत्या. मधे ही सहा घरं आणि जर्दाळूची सात-आठ झाडं तेवढी उरली होती. मालक इंडोनेशियातला, जावा बेटावरचा. ज्वालामुखीच्या उतारावर भातखाचरांचं एक लहानसं गाव, तिथला. तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघाला, हॉलंडमार्गे इथे आला, फळं डब्यांत भरायच्या कारखान्यात वीस वर्षं राबला आणि ही घरं घेतली. सगळे त्याला बापाक म्हणत. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. मला तो पहिल्या दिवसापासून 'दिक' म्हणाला, म्हणजे धाकटा भाऊ. एखादा मालक पहिल्याच भेटीत नातं जोडायला लागला की मी सावध होतो.

मी सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुने रेडिओ घेऊन, दुरुस्त करून, विकून वाढलेला माणूस. सांगितलेल्या किमतीला मी सुईसुद्धा घेतलेली नाही. बापाकने भाडं सांगितलं. मी म्हटलं, "जास्त आहे."

"बरं. कमी कर," तो म्हणाला.

मी चमकलो. थोडं कमी करून सांगितलं. "बरं," तो म्हणाला. "मग शनिवारी पहारा."

मी आणखी कमी केलं. "बरं. मग रोज चिमूटभर तांदूळ."

आणखी. "बरं. मग पाहुणा आला की चोवीस तासांत मला कळवायचं."

मी बाहेर येऊन बायकोला म्हटलं, "म्हातारा अगदीच कच्चा आहे. निम्म्यात घर पदरात पाडलं." भाडं उतरत गेलं आणि नियम चढत गेले, हे माझ्या लक्षात यायला पुढे सहा महिने लागले.

तो दिसायला काटकुळा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला नक्षीचा सुती शर्ट, डोक्यावर काळी मखमली टोपी, पाय बहुतेक वेळा अनवाणी. लवंग घातलेल्या सिगारेटी ओढायचा, त्यामुळे तो येण्याआधी त्याचा वास येई. आपण अमेरिकेत आहोत ही गोष्ट त्याने कधी मनाला लावून घेतली नाही. ते आवार म्हणजे त्याचं गाव, तो गावचा मुखिया आणि आम्ही बाकीच्या पाच घरांतली माणसं त्याची रयत. एक पोर्तुगीज विधवा, एक व्हिएतनामी कुटुंब, एक ट्रक ड्रायव्हर, नागपूरचा एक बॅचलर इंजिनियर आणि आम्ही. सहाव्या घरात तो स्वतः.

तांदळाचं सांगतो. प्रत्येकाच्या दाराला एक डबी टांगलेली असे. सकाळी तिच्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे. शनिवारी पहाऱ्यावरचा माणूस ते गोळा करी, आणि महिन्याच्या शेवटी त्याच तांदळाचा हळद-नारळ घातलेला पिवळाधमक भात करून बापाक सगळ्यांना जेवू घाली. मी म्हटलं, आपला बासमती कशाला घालवायचा? स्वस्तातला तुकडा तांदूळ आणला आणि डबीत टाकू लागलो. महिन्याअखेर जेवायला बसलो, तर सगळ्यांच्या पानात सुरेख मोकळा भात आणि माझ्या पानात चिकट गोळा.

"हा असा का?" मी विचारलं.

"तो तुझा आहे," बापाक म्हणाला.

महिनाभर त्याने माझी चिमूट वेगळी ठेवली होती. बायको त्या दिवशी इतकी हसली की तिला उठून जावं लागलं. पुढच्या महिन्यापासून तिनेच डबी ताब्यात घेतली.

एकदा आम्हा नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्या रागात डबी रिकामी राहिली. दहा वाजता म्हातारा दारात हजर. "तांदूळ नाही. आजारी, गावाला, की भांडण?" माझी बायको आतून ओरडली, "काका, भांडण!" तो मान हलवून निघून गेला आणि अर्ध्या तासाने आमच्या पायरीवर लाल मिरच्यांचा ठेचा ठेवून गेला. तेव्हा मला कळलं की डबीतल्या तांदळाशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. कोणत्या घरात काय चाललंय हे त्याला रोज सकाळी दारावरच कळे.

पाहुण्यांच्या नियमाचा मात्र मला फायदा झाला. ओहायोतल्या डब्लिनहून माझी मेहुणी आणि साडू आले. साडू डॉक्टर. मी अजून जुनी यंत्रं दुरुस्त करतो याची आठवण तो दर जेवणाला करून देई. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाक वही घेऊन आला. नाव, गाव, किती दिवस. मग विचारलं, "येण्याचं कारण?"

"व्हॉट डू यू मीन, कारण? आय ॲम हिज ब्रदर-इन-लॉ!" साडू कडाडला.

बापाकने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "कारण माहीत नाही." साडू चार दिवस राहणार होता, तो दुसऱ्याच दिवशी सॅन डिएगोला गेला. त्या एका दिवसापुरता म्हातारा मला मनापासून आवडला होता.

आता पहारा. त्याच्या गावात रात्री आळीपाळीने घराघरातले पुरुष जागत. पोकळ ओंडका टांगलेला असे, त्यावर काठीने ठोके द्यायचे. दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, सावकाश एकेक म्हणजे कोणी गेलं. तसाच एक ओंडका त्याने मधल्या जर्दाळूला टांगला होता. पण इथे आल्यावर त्याने अभ्यास केला होता. "गावात चोर रात्री येतो, कारण दिवसा सगळे घरी असतात," तो म्हणे. "इथे चोर दिवसा येतो, कारण दिवसा कोणीच घरी नसतं." म्हणून पहारा दिवसाचा. सोमवार ते शुक्रवार तो स्वतः. शनिवारी तो फ्ली मार्केटात गवती चहा आणि मिरच्या विकायला जाई, म्हणून शनिवारी बारा ते चार भाडेकरूंचा नंबर. झाडाखाली खुर्ची टाकायची आणि बसायचं. पुस्तक नाही, रेडिओ नाही.

कुलपांवर त्याचा राग होता. मी गॅरेजला नवं कुलूप लावलं, तर म्हणाला, "हे चोरासाठी नाही. हे शेजाऱ्याला सांगतं की मला तुझी गरज नाही."

"मग गरज नाहीच मला," मी म्हटलं.

त्या गॅरेजमध्ये माझा जीव अडकला होता. कंपनीत मी टेक्निशियन होतो, पण डोक्यात धंदा होता. मंदीत बंद पडलेल्या कंपन्यांच्या लिलावातून मी जुने ऑसिलोस्कोप उचलत असे. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी ही यंत्रं, प्रत्येकी चांगली जड. ती दुरुस्त करून विकायची. एका कॉलेजने बारा मागितले. लॅब सोमवारी सुरू होणार, माल सोमवारी सकाळी पोचला तर ऑर्डर आणि पुढच्या वर्षीचीही हमी. या एका ऑर्डरच्या भरवशावर मी शुक्रवारी नोकरीचा राजीनामा देऊन आलो होतो. तो शनिवार नेमका माझ्या पहाऱ्याचा.

आणि मला बारा ते चार झाडाखाली बसायला वेळ नव्हता. खोके आणायचे होते, व्हॅन ठरवायची होती, व्हॅनवाल्याशी भांडायचं होतं. मी नागपूरच्या बॅचलरला गाठलं. "माझा आजचा पहारा तू कर आणि पुढचाही. त्या बदल्यात एक जेवण."

"वहिनींच्या हातचं?"

"हो."

"डन, भाऊ!"

दोन पहाऱ्यांना एक जेवण. मी खुशीत शीळ घालत निघालो.

साडेतीनला परत आलो. गॅरेजचं दार सताड उघडं. घाईत मीच कुलूप लावायचं विसरलो होतो. आत टेबल होतं, सोल्डरची तार होती, स्क्रू होते. बारापैकी एकही ऑसिलोस्कोप नव्हता.

झाडाखालची खुर्ची रिकामी. नागपूरकर आपल्या घरात, भारतातून आलेली क्रिकेटची व्हिडिओ कॅसेट लावून, टीव्हीपुढे तोंड उघडं टाकून झोपलेला. मी त्याला कॉलर धरून उठवला. मग झाडाकडे धावलो आणि त्या ओंडक्यावर जिवाच्या आकांताने दोन-दोन ठोके देत सुटलो. त्या दिवसापर्यंत मी त्या ओंडक्याची टिंगल करत आलो होतो.

सगळे धावत आले. पोर्तुगीज म्हातारी पोळपाटासारखी फळी घेऊन आली. बापाक आपल्या घराशेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागून आला. तो फ्ली मार्केटला गेलाच नव्हता, पण हे विचारायचं मला सुचलं नाही. मी पोलिसांना फोन केला. एक तरुण पोलीस आला, सगळं लिहून घेतलं. बापाकने त्याला चहा दिला, खुर्ची दिली, आणि तो निघताना वहीत त्याची पाहुणा म्हणून नोंद केली. येण्याचं कारण, चोरी. हे सगळं होत असताना माझा माल तिथून वीस पावलांवर होता.

"उद्या सकाळी बैठक," बापाक म्हणाला.

रविवारी सकाळी सहाही घरं झाडाखाली जमली. माझ्या डोळ्यांत झोप नव्हती. नोकरी सोडलेली, माल गेलेला, सोमवार उद्यावर.

"काल पहारा कोणाचा?" बापाकने विचारलं.

"याचा!" मी नागपूरकराकडे बोट केलं.

"मी कुठे नाही म्हणतो, भाऊ? पण एका जेवणात दोन पहारे म्हटलं होतं तुम्ही. ते जेवण पण अजून झालं नाही, यार."

"जेवण?" माझी बायको म्हणाली. "कोण करणार होतं? मला विचारलं होतं का कोणी?"

बापाकने वही उघडली. "इथे तुझं नाव आहे, दिक. पहारा बदलायचा तर मुखियाला सांगून बदलता येतो. विकता येत नाही." मग सगळ्यांकडे वळून गावचा कायदा सांगितला. ज्याच्या पहाऱ्यात चोरी होते, त्याने ज्याचं गेलं त्याला भरून द्यायचं.

ट्रक ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "थांबा. पहारा याचा, माल याचा. मग हा स्वतःलाच भरून देणार?"

"हो," बापाक म्हणाला.

"निदान स्वतःची माफी तरी मागू दे," पोर्तुगीज म्हातारी म्हणाली. व्हिएतनामी नवरा-बायको खाली मान घालून हसत होते.

मी पेटलो. काय काय बोललो ते आठवत नाही. हा जावा नाही, ही अमेरिका आहे. तुमचा ओंडका, तुमची डबी, तुमची वही, घाला चुलीत. बापाकने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भरून देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरचं असेल तर गाव भरून देतं. आमच्याकडे असंच आहे. पण आधी त्याने म्हणायला लागतं."

"काय म्हणायला लागतं?"

"काय झालं ते."

"चोरी झाली."

"कोणाच्या पहाऱ्यात?"

"बरं, माझ्या. पण झोपला हा. निम्मी चूक माझी धरा."

"निम्मे परत मिळाले तर चालतील?"

या प्रश्नात काहीतरी होतं, पण मी तेव्हा रागाने आंधळा झालो होतो. मी सगळ्यांकडे पाहिलं. आयुष्यात मी कुणापुढे पडती बाजू घेतली नव्हती. पडती बाजू घेतली की समोरचा भाव पाडतो, हे मी बाराव्या वर्षी शिकलो होतो. पण बायको माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत उद्याचा सोमवार होता.

"माझाच पहारा होता," मी म्हटलं. "मी तो विकला. आणि दार उघडं मीच टाकलं."

कोणी हसलं नाही. ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "माझ्याकडे थोडे साठवलेले आहेत." नागपूरकर म्हणाला, "भाऊ, माझा व्हीसीआर घ्या." पोर्तुगीज म्हातारी गळ्यातली साखळी काढायला लागली. मला तिथे उभं राहवेना. मी सगळ्यांचे आभार मानले, बापाकचे तर हात जोडून. हे हात जोडणं मला आजही झोंबतं.

कारण त्यानंतर तो शांतपणे उठला, खुराड्याकडे गेला आणि वरची पोती बाजूला केली. बाराच्या बारा ऑसिलोस्कोप ओळीने मांडलेले. एकावर कोंबडी बसली होती. तिला उठवलं तर खाली अंडं.

"तुम्ही?" मी ओरडलो.

"ढकलगाडीतून. सहा फेऱ्या," तो म्हणाला. "पहारा झोपलेला होता. माझे वडील मुखिया होते. पहारेकरी झोपलेला दिसला की ते त्याचीच म्हैस सोडून न्यायचे. मुखियाने आधी चोरी केली की खऱ्या चोराला काही उरत नाही."

"ओह माय गॉड, काका!" बायको म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. रात्रभर रडलेली बाई.

मी अर्थातच भांडलो. पोलिसांना काय सांगू, म्हणून भांडलो. अंडं कोणाचं, म्हणूनही भांडलो. मग तो म्हणाला, "तुला शिक्षा म्हणून जास्तीचे पहारे. किती, तू सांग."

"दहा," मी म्हटलं. तो आकाशाकडे पाहत राहिला.

"पंधरा." त्याने सिगारेट पेटवली.

"वीस." काही नाही. ती शांतता मला सहन होईना. "सव्वीस! याउपर एक शनिवार नाही!"

"बरं," तो म्हणाला.

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कोणाशी भाव करत होतात? तो तर काही बोललाच नाही."

मग मला सुचलं. "आणि चोराला काय शिक्षा? चोर तर तुम्ही!"

त्याने विचार केला. "बरोबर आहे. चोराने पहारेकऱ्याबरोबर बसायचं. सव्वीस शनिवार."

सोमवारी माल वेळेवर पोचला. ऑर्डर टिकली, धंदा उभा राहिला, त्याची गोष्ट वेगळी. पण पुढच्या शनिवारी बारा वाजता मी झाडाखाली गेलो तेव्हा तिथे दोन खुर्च्या होत्या. फ्ली मार्केटचा गाळा त्याने सोडून दिला होता. मला त्याने ते सांगितलं नाही, पोर्तुगीज म्हातारीकडून कळलं. आम्ही बसायचो. तो गावातल्या बांधांविषयी बोलायचा, कोणाच्या खाचराचं पाणी कोणाच्या खाचरात उतरतं, त्यामुळे कोणी कोणाशी भांडायचं नाही. मी त्याला सांगायचो की मला भांडायला पाण्याची गरज लागत नाही. पंचवीस शनिवार असे गेले.

सव्विसाव्या शनिवाराआधीच तो पायरीवरून पडला आणि त्याची मुलगी त्याला ॲरिझोनाला घेऊन गेली, चँडलरला. तिचा नवरा तिथल्या चिप कारखान्यात होता. घरं विकली गेली, आम्ही सगळे पांगलो, आणि वर्षाच्या आत जर्दाळूंसकट ते आवार साफ झालं. तिथे आता पार्किंग आहे.

मी फोन केला. "तुमचा एक शनिवार राहिलाय."

"तुझाही," तो म्हणाला.

"मग या."

"अर्ध्या वाटेत भेटू." त्याने वाळवंटातल्या एका गावाचं नाव सांगितलं, हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी. मी पहिल्याच बोलीला हो म्हटलं.

तिथे पोचून मी गाडीवरचे मैल पाहिले. माझे साडेचारशे झाले होते. मुलीच्या गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला मी पहिलं वाक्य तेच बोललो. "मी साडेचारशे आणि तुम्ही जेमतेम पावणेतीनशे. ही अर्धी वाट?"

"तू तरुण आहेस," तो म्हणाला. "वयाच्या मानाने अर्धी."

मुलगी डोळे फिरवून म्हणाली, "डॅड, यू आर इम्पॉसिबल," आणि समोरच्या डायनरमध्ये एसीत जाऊन बसली. आम्ही पंपाच्या सावलीच्या पट्ट्यात घडीच्या दोन खुर्च्या टाकल्या. ठीक बारा वाजले होते. समोर वाळू आणि झुडपं. राखण करायला काहीही नव्हतं. आम्ही राखण करत बसलो.

दोनच्या सुमाराला घरसामान लादलेला एक जुना पिकअप येऊन थांबला. चादरीने बांधलेल्या गाद्या, उलटी टांगलेली सायकल. चालवणारी बाई एकटीच होती, घामाने निथळत होती. आम्हाला बघून ती जवळ आली.

"तुम्ही दोघं इथे जरा वेळ आहात का? मला काहीतरी खाऊन यायचंय. नजर ठेवाल?"

मी सवयीने भाव करायला तोंड उघडलं. बापाकने खुर्चीखालून माझा पाय दाबला, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि सरळ बसला.

"चारपर्यंत आहोत," तो तिला म्हणाला. "सावकाश जेवा."